गाडीतून कोणी उतरू नये म्हणून

शैलजाबाई आठल्ये यांना मी पहिल्यांदा पाहिले ते गुडगावातल्या एका रिकाम्या प्लॉटवर. पदर कमरेला खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या एक गंजलेले पिंप ढकलत होत्या आणि दोन मुले त्यांना मदत करू की नको अशा अवस्थेत शेजारी उभी होती. तेव्हा त्या गावाला कोणी गुरुग्राम म्हणत नसे. त्याला शहर म्हणावे की नाही, याबद्दलही आम्हा दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्यांना शंकाच होती. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी धौला कुआँच्या इतक्या पलीकडे प्रथमच आले होते. रस्त्याच्या एका बाजूला नुकतीच उगवलेली मोहरी, दुसऱ्या बाजूला अर्ध्या चढलेल्या काचेच्या इमारती, आणि मध्येच सेक्टरचे आकडे लिहिलेल्या पाट्या. पाट्या होत्या, सेक्टर अजून यायचे होते. बाबा सारखे रस्ता चुकत होते आणि प्रत्येक वेळी, आता परत फिरू या, असे म्हणतील या भीतीने मी त्यांच्या पाठीला गच्च धरून बसले होते.

बाईंनी बाबांना शेजारच्या बंगल्यात आपल्या यजमानांकडे, आठल्ये काकांकडे, चहाला पाठवले आणि मला विचारले, "रात्री झोप लागते?"

मी म्हणाले, लागते.

"मला नाही लागत," त्या म्हणाल्या. "बूट घालून आलीस ते बरं केलंस. ते पिंप त्या टोकाने धर."

आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी. आज बाईंची पंचाहत्तरी साजरी होत असताना या गौरवग्रंथात जे लेख येतील, ते बहुतेक वर्दीतल्या माणसांचे असतील. कोणी बटालियन सांभाळली असेल, कोणी जहाजावर असेल. त्यांच्या यशात बाईंचा वाटा किती, हे ते अधिकाराने सांगतील. संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी त्यांना कळवले की माझी निवड कधीच झाली नव्हती. त्यांचे उलट उत्तर आले की म्हणूनच मागतो आहोत. तेव्हा मी लिहिते आहे ते बाईंच्या दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या वतीने. आम्ही संख्येने पुष्कळ जास्त आहोत आणि आमच्याबद्दल बाई फारशा बोलत नाहीत.

ज्यांना या वाटेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सैन्यात अधिकारी होण्यासाठी अकादमीत प्रवेश मिळवायचा, तर लेखी परीक्षेनंतर एका निवड मंडळापुढे जावे लागते. मुलींसाठी ती दारे तेव्हा नुकतीच, तीही जराशीच उघडली होती. पदवीनंतर अर्ज करायचा आणि बोलावणे आले तर थेट मंडळापुढे जायचे. पाच-सहा दिवस दुसऱ्या गावी राहायचे, छातीवर क्रमांक लावून. तिथे मुलाखत होते, मैदानावर फळ्या, दोऱ्या आणि पिंपे घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे असतात, आणि एक दिवस मानसशास्त्रीय चाचण्या असतात. पडद्यावर धूसर चित्र दाखवतात, काही मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. शेवटचे चित्र कोरे असते, त्यावर आपल्या मनातली गोष्ट लिहायची. अखेरच्या दिवशी सगळे अधिकारी एका टेबलाभोवती बसतात आणि दुपारी निकाल सांगतात. निवडलेल्यांचे क्रमांक पुकारले जातात. बाकीच्यांनी सामान आवरायचे.

बाई या मंडळावर मानसशास्त्रज्ञ होत्या. त्या टेबलाच्या पलीकडे त्यांनी ऐन उमेदीची वर्षे काढली. यजमानांची बदली गुडगावच्या गाड्यांच्या कारखान्यात झाली, तेव्हा त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि इकडे आल्या. नव्या बंगल्यात पडदे लागण्याआधी त्यांच्याकडे पहिला विद्यार्थी आला, असे काका सांगतात. उदगीर, सातारा, नगरकडून दिल्लीत तयारीसाठी आलेली मुले कोणाकडून तरी पत्ता मिळवून येत. त्यांच्याखेरीज जाट होते, गढवाली होते, आमच्यासारखी इथेच वाढलेली मराठी मुलेही होती, ज्यांना 'पिंप' म्हणजे काय ते सांगावे लागे.

मैदानासाठी लागणारे सामान बाईंकडे नव्हते. पण भोवती सगळीकडे बांधकाम चालू होते. रविवारी ठेकेदाराचे काम बंद असे. त्याच्या फळ्या, बांबू, दोर आणि पिंपे बाई सकाळी मागून घेत आणि दुपारी चिखल धुऊन, मोजून परत देत. ज्या प्लॉटवर मी पहिल्यांदा पिंप धरले, तिथे वर्षभरात तीन मजली घर उभे राहिले. मग आमचे मैदान मागच्या गल्लीत सरकले, तिथून पुढच्या सेक्टरात. बाईंच्या वेगवेगळ्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना विचारले, तुम्ही कुठे शिकलात, तर प्रत्येक जण वेगळी जागा दाखवील. माझ्या जागेवर सध्या दातांचा दवाखाना आहे.

मी त्यांच्याकडे आले ती आधीच बिघडून. त्यापूर्वी दिल्लीतल्या एका नावाजलेल्या वर्गात मी काही महिने काढले होते आणि तिथे आम्हाला गोष्टी तयार करून दिल्या जात. चित्र कोणतेही असो, त्यातला नायक पूरग्रस्तांना वाचवायचा, गावात शाळा काढायचा किंवा तुटलेल्या रुळांपाशी लाल कापड हलवायचा. कोऱ्या चित्रासाठी तर एक राखीव गोष्ट पाठच असे. बाईंनी माझी वही वाचली. वाचताना त्यांचा चेहरा डाळीतले खडे निवडताना होतो तसा होता.

"तुझ्या अकरा गोष्टींत एकाही माणसाला भीती वाटत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तू मघापासून नखं खाते आहेस."

मी हात मागे घेतला. मला वाटले, आता त्या मला धीट कसे व्हायचे ते शिकवतील. तसे काही झाले नाही. त्यांनी मला एवढेच सांगितले की पूर आला तर आधी पळावेसे वाटते, ते लिही. मग पुढे काय करशील ते लिही. काही करणार नसशील तर तेही लिही. किती गुण कशाला मिळतात, हे त्या कधीही सांगत नसत. एकदा एका मुलाचे वडील, नव्या उंच इमारतीत राहणारे सद्गृहस्थ, त्यांच्याकडे तयार उत्तरे मागायला आले होते. मॅडम, आप तो अंदर के आदमी हैं, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाईंनी त्यांना चहा दिला. बाईंचा चहा अतिशय वाईट असतो, हे इथे नोंदवायला हरकत नाही. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. त्याला उत्तरे न मिळणे कारणीभूत होते की चहा, यावर आमच्यात मतभेद आहेत.

गटचर्चेच्या बाबतीत आम्ही सगळेच बिघडलेले होतो. जो पहिला बोलतो त्याची छाप पडते, असे प्रत्येकाला कोणीतरी शिकवलेले. त्यामुळे बाईंनी विषय दिला रे दिला की आठही जण एकदमच सुरू व्हायचे. आठ तोंडांतून एकाच वेळी 'दोस्तों'. पहिल्या खेपेला बाई आम्हाला तसेच ओरडत ठेवून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. आल्यावर विचारले, आता तुमच्या उजवीकडच्याने काय म्हटले ते सांगा. कोणालाच सांगता येईना. तेव्हापासून नियम झाला: आधीच्या माणसाचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, त्याने मान डोलावली तरच पुढे आपले बोलायचे. आमचा इम्रान, म्हणजे उदगीरहून आलेला इम्रान शेख, मुद्दाम मान डोलवायचाच नाही. मी त्याचे म्हणणे चार तऱ्हांनी मांडायची आणि तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "नहीं मृणाल, दिल की बात अभी बाकी है." बाईही त्याला रागावत नसत. मला मात्र घाम फुटायचा.

इम्रान तेव्हा गुडगावातल्याच एका नव्या कॉल सेंटरमध्ये नोकरी करून तयारी करत होता. "रात्री अमेरिकेसाठी मी सॅम, सकाळी बाईंसाठी इम्रान, झोपेत कोण असतो ते अल्लाला माहीत," असे तो सांगायचा. तसल्याच एका कचेरीत मलाही नोकरी मिळत होती, आणि तिथेच माझ्या काळजीचे मूळ होते. बाबांची निवृत्ती जवळ आली होती, क्वार्टर सोडावे लागणार होते. त्यांच्या मते मी गपचूप नोकरी धरावी. खूप रडारडीनंतर त्यांनी एक गोष्ट कबूल केली: मंडळापुढे एकदा जा. फक्त एकदा. नाही झाले तर पुन्हा तो विषय काढायचा नाही. मी हो म्हटले होते. बाकीची मुले दोनदा, तीनदा, चारदा जाऊन येत. ती मंडळाबद्दल एखाद्या जुन्या सासुरवाडीबद्दल बोलावे तशी बोलत. माझ्याजवळ एकच वेळ होती. रविवारी फळीवर चढताना, वाक्य बोलताना, साधे बूट बांधतानासुद्धा माझ्या मनात तेवढेच चालू असे.

त्यामुळे मी बाईंना सारखी विचारायची, बाई, माझे होईल का? त्या कधी उत्तर देत नसत. विषय बदलत किंवा काहीतरी काम सांगत. ज्यांनी हजारो वह्या वाचून मुलांचा निकाल लिहिला, त्यांना माझ्याबद्दल काही कळत नसेल हे शक्य नव्हते. त्यांचे न बोलणे मी रात्ररात्र उलटसुलट करून पाहायची. काकांनी एकदा मला दिलासा द्यायचा प्रयत्न केला. "तिला स्वतःला तुझ्याहून जास्त धाकधूक असते," ते म्हणाले. ज्या दिवशी तिकडे निकाल असेल, त्या दिवशी बाई मटार सोलत बसतात. हिवाळ्यात किलोच्या किलो. मटार नसतील तेव्हा लसूण. आज किती मुले गेली आहेत ते आपल्याला टोपलीवरून समजते, असे काका म्हणाले. मला त्याने दिलासा मिळाला नाही, पण बाईंबद्दल माया वाटू लागली ती तेव्हापासून.

हिवाळा सरता सरता मला अलाहाबादचे बोलावणे आले. निघण्याआधी बाईंनी परतीची गाडी विचारून घेतली. त्या सगळ्यांचीच विचारत. मला वाटले, काळजीपोटी विचारत असतील.

तिथल्या दिवसांबद्दल मी फार लिहिणार नाही. धूसर चित्रांवर मी घाबरलेली माणसे लिहिली. मैदानावर बरे केले. गटचर्चेत दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकले, इतके नीट की माझे बोलायचे राहून गेले. शेवटच्या दुपारी आम्हाला एका खोलीत बसवले आणि क्रमांक पुकारले. दोनच पुकारले. माझा नव्हता. ज्यांचे झाले त्या मुलींना वैद्यकीय तपासणीसाठी आणखी काही दिवस थांबायचे होते. आम्ही बाकीच्यांनी छातीवरचे क्रमांक काढून दिले आणि बसमध्ये बसलो. गाडीत मी वरच्या बर्थवर पडून बाबांना काय सांगायचे याची वाक्ये जुळवत होते. संपले होते ते मला कळत होते. एकदा म्हणजे एकदा.

सकाळी गाडी नवी दिल्लीला लागली. मी खाली उतरले, तर समोर खांबाला टेकून बाई उभ्या होत्या. जाड तपकिरी शाल, पायात तेच कॅनव्हासचे बूट. मी त्यांना काही कळवले नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिची निवड होते ती तिथेच थांबते. निकालाच्या रात्रीच्या गाडीने जो येतो, त्याचे झालेले नसते. गाडीतून उतरणे हाच निकाल. सांगायला काही उरतच नाही.

बाईंनी माझी बॅग घेतली. वाईट वाटून घेऊ नकोस, असे त्या म्हणाल्या नाहीत. पुढच्या वेळी होईल, असेही नाही. चहा प्यायलीस का, एवढे विचारले आणि मी नाही म्हटल्यावर, स्टेशनवरचा पी, माझा नको, असे म्हणाल्या. मला हसू आले आणि त्यापाठोपाठ जे आले ते थांबेना. बाई शेजारी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या धक्क्यांपासून मला वाचवत राहिल्या.

घरी नेऊन त्यांनी मला गरम पाणी दिले, वरण-भात जेवू घातले. जेवताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. मंडळावरच्या मानसशास्त्रज्ञाला उमेदवार दिसत नाहीत. तो फक्त त्यांनी लिहिलेले वाचतो आणि मत बनवतो. चेहरे दिसतात ते थेट शेवटच्या दिवशी, तेही काही मिनिटांसाठी. "निकाल लागला की आम्ही जेवायला जायचो," बाई म्हणाल्या. "मेसच्या खिडकीतून बस दिसायची. मुलं बॅगा घेऊन चढायची. त्यांच्या लहानपणी आयांनी काय केलं, त्यांना कशाची लाज वाटते, सगळं मला माहीत असायचं. आणि त्या बसच्या पुढे काहीच माहीत नसायचं. त्यांना स्टेशनवर घ्यायला कोणी येतं का, हे मला कधीच कळलं नाही."

मी भात संपवला.

दुपारी त्या मला घेऊन सरोजिनी नगरला आल्या. दार बाबांनी उघडले. त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिले, सगळे समजले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेले, "बरं झालं." मग घाईघाईने, "म्हणजे, सुखरूप आलीस ते."

आई स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली. मला वाटले, इथून कुठेतरी निघून जावे. बाई अजून बसल्यासुद्धा नव्हत्या.

"देशमाने साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटलं असेल. त्यात गैर काही नाही. पण का बरं वाटलं ते तिला सांगा. नाहीतर ती आयुष्यभर समजेल, ती पडली म्हणून तिच्या बापाला आनंद झाला."

बाबा कचेरीत साहेबापुढे उभे राहावे तसे उभे होते. आधीच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई झाली होती आणि रोज संध्याकाळी ते टीव्हीपुढे बसायचे. जेवायला उठत नसत. त्यांनी त्या बंद टीव्हीकडे पाहतच बोलायला सुरुवात केली.

"तू म्हणायचीस, बाबांना देशाची किती काळजी. देशाची नव्हती गं. त्या तिरंगा गुंडाळलेल्या पेट्या दाखवायचे ना, प्रत्येक पेटीत मला तूच दिसायचीस." मग ते म्हणाले, "एकदाच जा म्हणालो, कारण दोनदा मला झेपलं नसतं."

बाबांना भीती वाटते हे मला तोवर माहीतच नव्हते. मी समजत होते, त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. बाईंनी आईकडे पाणी मागितले, प्यायल्या, आणि निघाल्या. जिना उतरताना त्यांनी मला सांगितले ते मी पुढे अनेकांना सांगत आले आहे: "पुन्हा जायचं की नाही ते आता तू ठरव. पण बाबांना शिक्षा म्हणून जाऊ नकोस आणि त्यांची दया आली म्हणून थांबू नकोस."

काही आठवड्यांनी, एका रविवारी, बाबांनी न बोलता स्कूटर बाहेर काढली आणि हेल्मेट माझ्या हातात दिले. त्या दिवशी ते काकांकडे चहाला गेले नाहीत. प्लॉटच्या कडेला विटांच्या ढिगावर बसून त्यांनी मला फळीवरून पलीकडे जाताना पाहिले. माझा पाय घसरला तेव्हा ते उठून उभे राहिले, मग पुन्हा बसले.

मी दुसऱ्यांदा गेले. दुसऱ्यांदाही माझे झाले नाही. प्लॅटफॉर्मवर बाई होत्या, आणि या वेळी त्यांच्या शेजारी, मफलर गुंडाळून, बाबा होते.

मी अधिकारी झाले नाही. या वाक्यापुढे 'पण' लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. बाईंनी मला तो करू दिला नाही. पण लेखिका झालीस ना, असे माझ्याबद्दल कोणी म्हणाले की त्या लगेच, ते वेगळं, हे वेगळं, असे म्हणतात. जे हवे होते ते मिळाले नाही, एवढे साधे वाक्य त्यांनी मला पुरे करायला शिकवले. तिसऱ्यांदा जायचे नाही हे मी स्वतः ठरवले आणि नोकरी धरली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बाईंचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मुलांच्या दोन गाड्या होत्या, एक नवी दिल्लीला, एक निजामुद्दीनला. काकांना बरे नव्हते. तू निजामुद्दीनला जाशील का, असे त्यांनी विचारले. भोपाळहून येणाऱ्या त्या मुलाला मी ओळखतही नव्हते. प्लॅटफॉर्मवर उभी राहिले आणि मला समजले की ज्याला घ्यायला आलो आहोत तो येऊ नये, असे मनाशी म्हणत उभे राहणे किती अवघड असते. तो आला. त्याला मी चहा दिला. तेव्हापासून मी बाईंची सहकारी आहे, असे म्हणायला हरकत नाही. पुढे मंडळाने पहिल्याच दिवशी चाळणी सुरू केली आणि तिच्यात गळलेली मुले त्याच रात्री परत निघू लागली, त्यामुळे आमच्या खेपा वाढल्या. हल्ली मुली बारावीनंतर अकादमीच्या परीक्षेला बसतात, त्यामुळे आणखी वाढल्या. बाईंच्या गुडघ्यांना आता जिने झेपत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा मीच जाते आणि बाई फोनपाशी बसतात.

इम्रानची गोष्ट मात्र बाईंचीच. तो चार वेळा गेला आणि चार वेळा बाईंनी त्याला स्टेशनवरून घरी नेले. पाचव्या वेळी तो गाडीत नव्हता. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी गाडीचे सगळे डबे आतून पाहिले, सफाईवाल्याला विचारले, आणि रिकाम्या गाडीपाशी त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की पोलिसाने येऊन चौकशी केली. बाई स्वतः हे सांगणाऱ्यातल्या नाहीत, म्हणून काकांनी सांगितले.

काही वर्षांपूर्वी मी बाईंना धीर करून विचारले, "माझं होणार नाही हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं ना?"

"होतं म्हटलं तर तू म्हणशील, मग जाऊ का दिलंत," त्या म्हणाल्या. "नव्हतं म्हटलं तर माझी सगळी नोकरी वाया गेली. म्हणून मी चहा करत असते."

मी त्यांचा तो चहा पीत राहिले. हा नियम त्यांनीच शिकवलेला, की माणसाचे बोलणे पुरे होऊ द्यावे. मग त्या म्हणाल्या, "वही वाचली की कळतं गं. पुष्कळदा अगदी स्पष्ट कळतं. तरी स्टेशनवर उभी राहिले की वाटतं, आज माझं चुकावं. इम्रानचं होणार नाही असं मला पाचही वेळा वाटलं होतं."

हे छापू का, म्हणून मी त्यांना आता या लेखासाठी विचारले. छाप, म्हणजे आपले इम्रान कर्नलसाहेब माझ्यापुढे जन्मभर ऐट मिरवतील, असे त्या म्हणाल्या.

परवा आमची एक विद्यार्थिनी मंडळापुढे जाते आहे. तिची वही बाईंनी वाचली आहे, मला काही सांगितलेले नाही, आणि काल मी गेले तेव्हा त्या मटार सोलत होत्या. निकालाला अजून आठवडा आहे. मीही टोपलीपाशी बसून सोलायला घेतले. पंचाहत्तराव्या वर्षी माणसाने अशी काळजी करू नये, असे डॉक्टर म्हणतात. बाई ऐकणार नाहीत, आणि आम्हालाही त्यांनी ऐकलेले नको आहे.

बाई, तुमचे गुडघे बरे राहोत, रात्री चार तास तरी झोप लागो, आणि वह्या वाचायला डोळे शाबूत राहोत. तुम्हाला खूप मोठे, निरोगी आयुष्य मिळो. आणि त्या सगळ्या वर्षांत तुमचा अंदाज, जितक्या वेळा चुकता येईल तितक्या वेळा, चुकत राहो.